गवताची नवमी

बारा ऑक्टोबर. सकाळपासून लेकीच्या मोज्यांतली कुसळं काढत बसले आहे. काल ती माझ्याबरोबर गावच्या माळावर आली. मी नको सांगत असताना बूट-मोजे घालून आली, आणि आता म्हणते, फेकून दे ते मोजे. कुसळ मागं ओढलं तर तुटतं. ज्या दिशेनं ते आत शिरलं त्याच दिशेनं पुढं सारून बाहेर काढायचं असतं. लहानपणी दर ऑक्टोबरात माझा परकर असाच साफ व्हायचा. मोजे मी फेकणार नाही. हात कामात आहेत, डोकं मोकळं आहे, तेव्हा चंद्रीच्या वर्षाचं लिहून टाकते.

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की मलकापूरच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या डोक्यावर सपाट माळ आहे. वर झाड म्हणावं असं काही नाही. खाली काळा-तांबूस कातळ, त्यावर टीचभर माती आणि त्या मातीत गवत. पावसाळ्यात ते गुडघ्याच्या वर जातं आणि वारा सुटला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखा दिसतो. सरकारी कागदात या माळाला 'पडीक' म्हणतात. मोठी झाल्यावर तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, चुकून दुसऱ्याच गावाचा कागद हातात आला. आमच्या गावात त्या माळाइतकं राबणारं दुसरं कुणी नव्हतं.

घरात आम्ही चौघं, म्हणजे आबा, आई, मी आणि धाकटा भाऊ. आणि गोठ्यात चार म्हशी. सकाळ व्हायची ती धारेच्या आवाजानं. रिकाम्या चरवीत धार पडते तेव्हा आवाज पातळ, टणटणीत असतो. चरवी भरत येईल तसा तो जाड होत जातो. आई चुलीपुढं भाकरी थापता थापता तेवढ्यावरून सांगायची, "आज मोरीनं चोरलं बघ दूध." मोरी ही आमची दुसरी म्हैस. चंद्रीच्या चरवीचा आवाज सगळ्यांत लवकर जाड व्हायचा. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चंद्री. स्वभाव वाईट. आबांना लाथ मारायची, आईला शेपटी मारायची, माझ्या हाताला मात्र उभी राहायची, त्यामुळं तिची धार माझ्याकडं. तिच्यावर माझी माया होती असं मी म्हणणार नाही. पण बाकी तिघींच्या दुधावर घर चालायचं आणि चंद्रीच्या दुधावर माझा मलकापूरच्या शाळेचा एसटीचा पास निघायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, चंद्री सोडून.

न्याहारीला ज्वारीची भाकरी, वर सायीचं दही आणि लसणाची चटणी. दही घट्ट, सुरीनं कापावं असं. माळावरचं वाळलं गवत खाल्लेल्या म्हशीचं दूध आणि उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, खाल्लेल्या म्हशीचं दूध यांतला फरक मला आजही पहिल्या घोटात कळतो. सांगायला गेलं की घरचे हसतात. हसू देत.

माळाचा एक नियम होता. नागपंचमीला माळ 'बांधायचा'. दोरी-बिरी काही नाही. त्या दिवसापासून वर जनावर न्यायचं नाही आणि विळा लावायचा नाही, एवढंच. खंडेनवमीला घरोघर विळे पुजायचे आणि त्याच दिवशी माळ 'सुटायचा'. मग सगळं गाव एकदम वर. राखायचं काम मकबूलचाचांकडं होतं. त्यांच्या वडिलांनीही माळ राखला होता. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडं आणि आवाज असा की वरून हाक मारली की खालच्या विहिरीवरच्या बायका दचकायच्या. कुणाचं रेडकू चुकून वर गेलं तरी चाचा त्याच्या मालकाची सात पिढ्यांपासून हजेरी घ्यायचे.

त्या वर्षी शाळेत भूगोलाच्या बाई जगातले नैसर्गिक प्रदेश शिकवत होत्या. टुंड्रा, तैगा, विषुववृत्तीय अरण्यं, वाळवंटं. गवताळ प्रदेशांची नावं मी धार काढता काढता पाठ करायची: प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, डाऊन्स. एका नावाला एक धार. टुंड्रात दगडफूल खाणारं रेनडियर आहे म्हणून माणूस आहे आणि स्टेपवर गवत आहे म्हणून किरगिझ आहे, असं बाईंनी सांगितलं. ते मी घरी येऊन सांगितलं. आईला शिकवलेलं सगळं सांगावं लागायचं. पासाची वसुली ती अशी करायची.

"किरगिझांच्या म्हशी दूध किती देत्यात?" तिनं विचारलं.

"म्हशी नसत्यात त्यांच्याकडं. घोडीचं दूध पित्यात."

"घोडीचं?" आईचा हात पिठात थांबला. "आणि दही लागतंय त्याचं?"

"पुस्तकात न्हाय तसलं."

"बरं, त्यांचा माळ कधी सुटतोय?"

"तेबी न्हाय."

"मग शिकिवत्यात तरी काय गं तुला?"

त्या वर्षी पाऊस गौरी-गणपतीतच आटपला. आभाळ असं निळं झालं की जणू दिवाळी. गवत लवकर फुलावर आलं. आमच्या गवतात निम्म्याहून जास्त कुसळी. फुलावर असताना कापलं तर त्याची वैरण गोड होते. पिकू दिलं तर टोकाला काळी कुसळं धरतात, काडी लाकूड होते आणि म्हैस तोंड लावत नाही. लावलंच तर कुसळं जिभेत रुततात. आता नवमीची वाट बघायची, एवढंच. पण त्या वर्षी आश्विन अधिक आला होता. अधिक महिना म्हणजे पंचांगात दर अडीच-तीन वर्षांनी घातलेला जास्तीचा महिना. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तो आश्विनाच्याच आधी येऊन बसल्यामुळं नवरात्र, खंडेनवमी, दसरा, सगळं महिनाभर पुढं गेलं. माणसांची कॅलेंडरं पुढं गेली. गवत काही थांबलं नाही.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे उंडे, वाफवलेले, वर तुपाची धार. शिवाय तेहतीस अनारशांचं वाण. आमचे जावई म्हणजे कागलच्या आत्याचे यजमान. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो आणि आबा दाजी. उसाचा माणूस. आवाज मोठा, पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. आत्याला घेऊन ते महिना लागताच आले आणि धोंडे असेपर्यंत हलायचं नाव त्यांनी काढलं नाही.

पहिल्याच जेवणाला आबांनी रीतीप्रमाणं विचारलं, "दाजी, वाणाला आणि काय पायजे ते मोकळ्या मनानं सांगा."

या प्रश्नावर जावयानं 'तुमची माया हाय, तेच लई झालं' असं म्हणायचं असतं. महाराष्ट्रातले झाडून सगळे जावई तसंच म्हणतात. मामांनी तूप पुसलं, ताट थोडं मागं सारलं आणि म्हणाले, "चंद्री द्या."

आत्या म्हणाली, "काय बोलताय वो, जिभंला हाड?"

"अगं, विचारलं म्हणून सांगितलं. न्हाय विचारलं असतं तर बोललो असतो का मी?"

सगळे हसले. मामाही हसले. पण 'चेष्टा केली' असं काही ते म्हणाले नाहीत. आई वाढायची थांबली. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे देव. त्यानं मागितलेलं नाही म्हणायची सोय नाही. आबांनी मान खाली घातली, थोडा विचार केला आणि मार्ग काढला. निदान त्यांना तो मार्ग वाटला.

"असं करू दाजी. औंदा गवताचं काय खरं दिसंना. पुढच्या पावसापतूर वैरण पुरंल असं झालं, तर म्हस आमची. न्हाय पुरली, तर चंद्री तुमची. तुमच्याकडं उसाचं वाडं हाय, उपाशी तर मरायची न्हाय."

"ठरलं," मामा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक धोंडा घेतला.

दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या बाजारात जाऊन मामांनी नवं दावं आणलं. चांगलं पिळाचं, टोकाला पितळी कडी. ते सोप्यातल्या खुंटीला अडकवून ठेवलं. येता-जाता ते सगळ्यांच्या डोक्याला लागायचं. मी शाळेला निघाले की पास खिशात आहे का हे चाचपायची आणि त्या दाव्याकडं बघायची.

आईनं मकबूलचाचांना गाठलं. चाचा म्हणाले, "सूनबाई, मला काय डोळं न्हाईत? गवत पिकायला आलंय, दिसतंय मला. पण नवमीच्या आत इळा न्हाय. आज तुला सोडलं, तर उद्या सगळी येतील, परवा श्रावणात येतील. मग माळ राहील व्हय?"

चाचांचं चुकत नव्हतं, हीच अडचण होती. नियम होता म्हणून गवत पुरतं वाढायचं, थोडं बी खाली पडायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवायचं. शिवाय हस्त नक्षत्राचा पाऊस, आम्ही त्याला हत्ती म्हणतो, नवमीच्या आसपास बहुधा उरकलेला असायचा; कापलेलं गवत भिजायची भीती कमी. आई परत आली. तिनं त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं. मामा ती आमटी न बोलता प्याले. तेवढे ते बरे होते.

संध्याकाळी मी गृहपाठाला बसले होते. बाईंनी जगाचा कोरा नकाशा देऊन गवताळ प्रदेश रंगवायला सांगितले होते. नकाशा भिंतीला टेकवून रंगवत होते आणि शेजारी दिनदर्शिका टांगलेली. सहज नजर गेली. चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: अधिक आश्विन शुद्ध नवमी. पान उलटलं. तिथं निज आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी.

"आई," मी म्हटलं, "नवमी दोन हाईत."

"काय?"

"आश्विनातली नवमी. दोनदा येतीया. पयली चार दिसांवर हाय."

आई चुलीपुढून उठून आली. तिला वाचता यायचं नाही. तिनं चौकटीवर बोट ठेवलं आणि मला पुन्हा वाचायला लावलं. मग त्या चौकटीकडं ती बराच वेळ बघत राहिली. बाजारात म्हशीचे दात बघायची तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली कर्ती माणसं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमली. गवत सगळ्यांचंच पिकत होतं, त्यामुळं बोलवायला फार लागलं नाही. बायका मागं उभ्या राहायच्या. आई पुढं जाऊन उभी राहिली. काखेत दिनदर्शिका, बाजूला मी.

"चाचा, नियम काय हाय? आश्विनातल्या नवमीला माळ सुटतो, असंच न्हवं?"

"व्हय."

"वाच गं."

मी वाचलं. आधी पहिली नवमी, मग पान उलटून दुसरी.

ओट्यावरचे एक आजोबा उसळले, "आगं बाई, ती अधिकातली नवमी! तिला काय अर्थ हाय? त्या महिन्यात देवाधर्माचा मुहूर्त धरत न्हाईत. ती देवाची नवमी न्हाय!"

"देवाची नसंल," आई म्हणाली, "तर गवताची असू दे."

मागं बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मामा पायरीवर बसून पान लावत होते, म्हणाले, "वैनी, तुमी वकील व्हायला पायजे हुतं."

"तुमी तोंडात पान घाला," आत्या म्हणाली.

सगळे चाचांकडं बघायला लागले. चाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"आता माझं ऐका," ते म्हणाले. "आमच्यात जास्तीचा महिना नसतो. म्हणून आमचा रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसात, कधी थंडीत. बापाला मी इचारलं हुतं, आपुन मुसलमान, आपल्याला नवमी कशाला? बाप म्हणाला, पोरा, आपली ईद फिरती, ह्यांची नवमी गवताबरोबर येती, म्हणून गवताच्या बाबतीत ह्यांचं पंचांग." मग आजोबांकडं बघून म्हणाले, "आवो, औंदा तुमचंबी फिराय लागलं की! मग मी गवताचं ऐकतो."

पण चाचांनी फुकट सोडलं नाही. वरच्या कड्याच्या अंगाचा रुंद पट्टा खऱ्या खंडेनवमीपर्यंत कुणी शिवायचा नाही. त्याचं बी पडू द्यायचं. विळे पुजायचे ते देवाच्याच नवमीला. आणि हत्तीचा पाऊस आला तर ज्याचं त्यानं बघायचं. चाचांकडं रडत जायचं नाही. सगळ्यांनी मान्य केलं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, मी शाळेत शिकले त्यातलं सगळ्यांत मोठं मला त्या ओट्यावर कळलं. लेकीच्या पुस्तकात आता 'जीवावरण' असा शब्द आहे. जमीन, पाणी, हवा यांच्या ज्या थरात सजीव असतात तो थर. शब्द चांगला आहे, पण फार लांबून बघितल्यासारखा वाटतो. आमचा थर मोजता येण्यासारखा होता: टीचभर माती, गुडघाभर गवत, म्हशीची पाठ आणि चुलीवरचं दूध. माणसाला गवत पचत नाही. म्हशीला पचतं. एवढ्या एका गोष्टीवर आमचं आख्खं गाव उभं होतं, आणि किरगिझांचंही तेवढ्यावरच उभं असणार, मग ते घोडीचं का पिईनात. मध्यंतरी काही भली माणसं त्या माळावर खड्डे काढून झाडं लावायला आली होती. उजाड दिसतो म्हणाली. मी त्यांना चहा दिला आणि माळाच्या बाहेर, ओढ्याकाठी खड्ड्यांसाठी जागा दाखवून दिली. तिथली झाडं आता मोठी झाली आहेत. माळ उजाड नसतो. गवत हेच त्याचं रान.

गवताच्या नवमीला आम्ही उजाडता वर गेलो. दवानं पाय भिजलेले, विळ्यांचा खस्-खस् आवाज माळभर, आणि कापलेल्या गवताचा तो गोडसर वास. दुपारी कडेच्या खडकावर बसून भाकरी, झुणका, कांदा. कापलेलं गवत तिथंच पसरून वाळवायचं, मग पेंढ्या बांधून खाली आणायचं. दोन दिवस ऊन कडक लागलं. तिसऱ्या दिवशी दुपार कलली आणि विशाळगडाच्या अंगाला आभाळ काळं झालं. वरून चाचांचा आवाज आला, "हत्ती निघाला रं!"

त्यानंतर गावात बसलेलं माणूस दिसलं नाही. पेंढ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या, उतार उतरायचा, टाकायच्या, परत वर. मी एका खेपेला घरी आले तर मामा ओट्यावर. अंगावर आमच्या आहेरातलं कोरं पांढरं धोतर.

आत्या डोक्यावरचा भारा टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गवत भिजलं की म्हस मिळंल, म्हणून बसलाय व्हय?"

"काय तरी काय बोलतीस!"

"मग उठा की!"

मामा उठले. धोतर खोचलं आणि माझ्या मागोमाग चढ चढायला लागले. वाटेत धापा टाकत मला म्हणाले, "पोरी, तुझ्या आत्याला सांगू नको, पण बसलो हुतो त्याचसाठी." मग इतके हसले की त्यांना थांबावं लागलं. पण एकदा वर पोचल्यावर तो माणूस काय राबला! आमच्या दोन माणसांचा भारा एकटा उचलायचा. कडेच्या गवताला कुसळं धरली होती. कोऱ्या धोतराची चाळण झाली. शेवटच्या खेपेला टपोरे थेंब पडायला लागले होते. थोडं गवत वर राहिलं आणि भिजलं. बाकीचं सगळं आत आलं.

गोठ्यावरचा माळा गच्च भरला. उरलेल्याची घरामागच्या परड्यात गंज रचून वर पत्रे टाकले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत वाळल्या गवताची ऊब. आबांनी कंदील वर धरला. माळ्याकडं एकदा, मामांकडं एकदा बघितलं.

"दाजी, तुमीच सांगा. पुरंल का न्हाय?"

आईनं आबांकडं असं बघितलं की मी तिच्या जागी असते तर कंदील काढून घेतला असता. पण शब्द मामांना दिला होता, तेव्हा निकाल मामांचा. आबांचा हिशोब सरळ असायचा. मामा धोतरातून एक एक कुसळ काढत उभे होते. त्यांनी माळ्यात हात घालून मूठभर गवत ओढलं, हुंगलं, मोडून बघितलं. चार म्हशींकडं बघितलं. चंद्रीकडं जरा जास्त वेळ.

"मिरगापतूर पुरंल," ते म्हणाले. "आणि वर दोन पेंढ्या उरतील." मग आत्याकडं वळून म्हणाले, "माझ्याच हातानं घालवली बघ म्हस."

"धोंडं गरम करू का?" आई म्हणाली. त्या महिन्यात तिनं इतक्या प्रेमानं ते पहिल्यांदाच विचारलं असेल.

त्यानंतर आश्विन दोनदा अधिक आला. दोन्ही वेळा गावात वाद झाला नाही. गवताची नवमी म्हटलं की नव्या पोरांनाही कळतं. त्यांना वाटतं ती पंचांगातच आहे. वरचा पट्टा अजून राखतात. काल लेकीनं मोजे भरून आणले ते त्याच पट्ट्यातून.

माझ्या जगाच्या नकाशावर दवाचे आणि पिठाचे डाग पडले होते. प्रेअरीपासून डाऊन्सपर्यंत सगळं पिवळं करून झालं होतं. मी हिंदुस्थानच्या पश्चिम कडेला पेन्सिलीनं एक ठिपका दिला, खाली नाव लिहिलं नाही. बाईंनी त्यावर लाल गोल केला, वर बघितलं, आणि काही न विचारता पुढची वही घेतली.

पण ते नंतर. पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि आत्या पहिल्या एसटीनं कागलला गेले. अनारशांचा डबा नेला, धोतराचं पोतेरं नेलं. खुंटीवरचं दावं तसंच राहिलं. मी ओरडून सांगणार तेवढ्यात आई म्हणाली, "राहू दे. इसरल्यात."

मामा काही विसरणारे नव्हते. मी दावं काढलं, गोठ्यात गेले, चंद्रीच्या गळ्यातलं झिजलेलं जुनं दावं सोडलं आणि हे नवं बांधलं. पितळी कडी तिला आवडली नाही. तिनं मान झटकली आणि पहिल्यांदाच मला शेपटी मारली. मी चरवी घेतली आणि खाली बसले.